श्वासाला टेकू

पुण्याच्या हवेचे कौतुक करण्यात पुणेकरांच्या कित्येक पिढ्या गेल्या. कोरडी, थंड, प्रकृतीला मानवणारी हवा म्हणून कुणी नोकरी संपल्यावर येथे घर बांधले, तर कुणी दुखणेकऱ्याला हवापालटासाठी येथे आणले. त्या कौतुकात आज किती तथ्य उरले आहे, हा वादाचा विषय होऊ शकेल. मी गेली अनेक वर्षे हे शहर माझ्या दवाखान्यातील बाकावरून पाहतो आहे, आणि तेथून ते जरा वेगळे दिसते. वर्षातून तीनदा तो बाक हमखास भरतो. मृगाचा पाऊस पडून हवा कुंद होते तेव्हा, दिवाळीच्या आठवड्यात आणि पौष-माघाच्या थंडीत. माणसे पुढे वाकून, गुडघ्यांवर हात टेकून बसलेली असतात. नाव विचारले तर दोन दमांत सांगतात. छातीतून येणारा तो बारीक सूंसूं आवाज ऐकायला नळी लावावीही लागत नाही.

हा दमा. रोग जुना आहे, त्यावरची औषधे चांगली आहेत, आणि ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. तरीही माणसे दम्याने मरतात, आणि त्यांत तरुणही असतात. असे का व्हावे, याचा विचार करायला हवा.

रुग्ण समोर बसला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘डॉक्टर, मुळापासून जाईल ना हो?’ मी प्रामाणिकपणे सांगतो, की मुळापासून जाईल असे वचन देता येणार नाही. पण तुम्ही रात्रभर झोपाल, जिने चढाल, पर्वतीला जाल, इतका तो आवरता येईल. या उत्तराने निम्मी माणसे हिरमुसतात. त्यांना ‘आवरणे’ नको असते, ‘जाणे’ हवे असते. मग कुणीतरी त्यांना मृग नक्षत्राला हैदराबादला नेतो. तेथे बत्तिनी कुटुंबीय जिवंत मासोळीच्या तोंडात औषध घालून ती गिळायला देतात, आणि त्यासाठी दरवर्षी हजारोंची रांग लागते. कुणी कोजागिरीच्या चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून औषध घेतो. कुणाला भिंतीवरची जाहिरात दिसते : दमा कायमचा बरा. श्रद्धेची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. घुसमटलेला माणूस काय वाटेल ते करील, आणि ते त्याने का करू नये? मात्र वर्षातून एकदा घेतलेल्या घोटाच्या भरवशावर रोजचे औषध बंद केले जाते, तेथे गोष्ट थट्टेची राहत नाही.

गंमत अशी, की ‘मुळापासून’ बरे करण्याचा हा हट्ट आपल्या जुन्या वैद्यकानेही धरला नव्हता. चरकसंहितेत श्वासरोगाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतला तमकश्वास हा आपला दमा म्हणावा, इतके त्याचे वर्णन जुळते. रुग्णाला आडवे झाल्यावर त्रास होतो, बसल्यावर बरे वाटते, डोळ्यांपुढे अंधारी येते, ढगाळ हवेत, पावसात, थंडीत आणि पूर्वेच्या वाऱ्यात रोग वाढतो, असे सारे त्यात आहे. आणि या तमकश्वासाला चरकाने ‘याप्य’ म्हटले आहे. अगदी नवा असेल तरच साध्य. साध्य आणि असाध्य यांच्या मधला हा शब्द आपण विसरलो. याप्य म्हणजे उपचार चालू असेपर्यंत ताब्यात राहणारा आणि उपचार सोडले की उलटणारा रोग. सुश्रुताने त्यासाठी दृष्टान्त दिला आहे तो पडू पाहणाऱ्या घराचा. नीट जागी बसवलेल्या खांबाने असे घर जसे तगून राहते, तसा योग्य उपचाराने याप्य रोगाचा रुग्ण तगतो.

पेठांत राहिलेल्या माणसाला हा दृष्टान्त समजावून सांगावा लागत नाही. सदाशिव, नारायण, शनिवार, कसबा यांतले कितीतरी वाडे वर्षानुवर्षे लाकडी टेकूंवर उभे राहिले. माणसे त्यांत राहिली, त्यांत लग्ने-मुंजी झाल्या. टेकू आहे म्हणून वाड्याला कुणी नावे ठेवली नाहीत आणि ‘भिंत आता ठीक दिसते’ म्हणून शहाण्या मालकाने टेकू काढलाही नाही.

दम्यात नेमके होते काय? आपल्या श्वासनलिकांना झाडासारख्या फांद्या फुटत जातात. दमेकऱ्याच्या या नळ्यांचे अस्तर कायम थोडे सुजलेले, लाल आणि हुळहुळे असते. या स्थितीला वैद्यकात दाह म्हणतात. रुग्णाला बरे वाटत असतानाही हा दाह राखेखालच्या निखाऱ्यासारखा धुमसत असतो. त्यावर धूळ, धूर, परागकण, थंड वारा किंवा साध्या सर्दीचा विषाणू आला, की तीन गोष्टी एकदम घडतात : नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, अस्तराची सूज वाढते आणि चिकट कफ साचतो. नळी अरुंद होते. श्वास आत घेण्यापेक्षा तो बाहेर टाकणे जड जाते, आणि छाती फुग्यासारखी भरलेली राहते. आपण ज्याला ‘अटॅक’ म्हणतो, ते या रोगाचे दिसणारे टोक. रोग मात्र अटॅक नसतानाही असतोच.

हे एकदा ध्यानात आले, की दम्याची औषधे दोन प्रकारची का, ते कळते. सालब्युटामॉलचा पंप स्नायू सैल करतो. पाच-दहा मिनिटांत मोकळे वाटते, आणि चार-सहा तासांत परिणाम ओसरतो. दुसरे औषध म्हणजे श्वासातून घ्यायचे स्टेरॉइड. ते सूज उतरवते. पण हळूहळू, काही दिवसांनी, आणि रोज घेतले तरच. पहिले औषध आग लागल्यावर ओतायचे पाणी, तर दुसरे निखारा विझवणारे. माणसाचा स्वभाव असा, की ज्याने लगेच बरे वाटते ते त्याला खरे औषध वाटते आणि ज्याचा परिणाम दिसत नाही ते व्यर्थ वाटते. म्हणून निळा पंप खिशात राहतो आणि रोजचा पंप महिनाभरात कपाटात जातो.

या स्वभावाची किंमत जगाने मोजली आहे. न्यूझीलंडमध्ये १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात दम्याने तरुण माणसे एकाएकी जास्त मरू लागली. तेथील संशोधकांनी त्याचा संबंध फेनोटेरॉल या जोरकस, झटपट आराम देणाऱ्या पंपाशी जोडून दाखवला. त्याचा वापर आवरल्यावर मृत्यू कमी झाले. ब्रिटनमध्ये २०१४ साली दम्याच्या १९५ मृत्यूंची बारकाईने तपासणी झाली. त्यांतल्या ज्यांना आरामाचा पंप लिहून दिलेला होता, त्यांच्यापैकी ३९ टक्के लोकांनी आधीच्या एका वर्षात बाराहून अधिक पंप नेले होते. म्हणजे महिन्याला एकाहून जास्त. धोक्याची घंटा वाजत होती. तिला औषध समजले गेले. दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांनी २०१९ पासून सरळ सांगितले आहे, की प्रौढांच्या व किशोरवयीनांच्या दम्यावर नुसत्या झटपट आरामाच्या पंपावर भागवू नये. स्टेरॉइडचा अंश उपचारात असलाच पाहिजे. आता तर ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल असा जोड पंप अनेकांना रोजच्यासाठीही आणि त्रास होईल तेव्हासाठीही देता येतो.

आपल्याकडचे चित्र याहून अस्वस्थ करणारे आहे. १९९० च्या दशकात ऑकलंडहून चालवल्या गेलेल्या मुलांच्या दम्याच्या जागतिक पाहणीत ५६ देशांतील १५५ केंद्रे होती. त्या यादीत सिडनीसारख्या शहरांच्या पंक्तीला आपली ‘रास्ता पेठ’ आणि ‘पिंपरी’ ही नावेही छापली गेली आहेत. १९९८ साली निष्कर्ष आले, तेव्हा ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड येथे घरघर लागणाऱ्या मुलांचे प्रमाण भारतीय केंद्रांच्या कितीतरी पट होते. म्हणजे प्रमाण पाहता दमा त्यांच्याकडे जास्त. आता मृत्यूंचा हिशेब पाहा. रोगांच्या जागतिक ओझ्याच्या २०१९ सालच्या अंदाजानुसार भारतात सुमारे ३ कोटी ४० लाख दमेकरी होते. जगातल्या रुग्णांपैकी साधारण १३ टक्के आपले, पण जगातल्या दम्याच्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक आपले. या तफावतीचे खापर केवळ हवेवर फोडता येणार नाही. अलीकडच्या भारतीय पाहणीत छातीत घरघर असणाऱ्या दर दहापैकी आठ जणांच्या रोगाला दमा असे नावच दिले गेलेले नव्हते. ‘ॲलर्जिक खोकला’, ‘बाळदमा’, ‘कफप्रकृती’, ‘जरा छाती भरते’ अशा शब्दांआड दमा दडलेला असतो. नावच नाही, तर औषध कुठून?

नाव टाळण्यामागे लाज आहे. ही लाज मुलींच्या बाबतीत सर्वांत क्रूर होते. स्थळ पाहायला पाहुणे यायचे, तर पंप आधी कपाटात जातो. लग्न ठरते, आणि सासरी कळू नये म्हणून औषधच थांबते. नव्या घरातली धूळ, फोडणीचा ठसका, जागरणे आणि मनावरचा ताण यांत दमा उफाळतो, तेव्हा ती मुलगी न्हाणीघराचे दार लावून निळा पंप ओढते. पुढे दिवस राहिले, की ‘बाळाला बाधेल’ म्हणून उरलेसुरलेही बंद होते. वास्तविक बाळाला बाधतो तो आईचा अपुरा श्वास. श्वासातून घ्यायचे रोजचे औषध गरोदरपणातही चालू ठेवायचे असते. मुलांच्या बाबतीत लाज नसली, तर धास्ती असते. दमा आहे म्हणून पोराला खेळाच्या तासाला वर्गात बसवून ठेवतात. २००३ साली मॅरेथॉनचा जागतिक विक्रम करणारी ब्रिटनची पॉला रॅडक्लिफ दमेकरी होती. दमा ताब्यात असेल, तर मुलाला मैदानावरून ओढून आणण्याचे काही कारण नाही.

दुसरी अडचण ‘स्टेरॉइड’ या शब्दाची. ‘डॉक्टर, पंप तेवढा नको. एकदा लागला की सुटत नाही,’ असे एक आजी मला दर खेपेला बजावतात. ‘आजी, सुटत नाही तो दमा. पंप नव्हे,’ मी म्हणतो. पंपाची सवय लागत नाही. आणि प्रमाणाचे म्हणाल, तर साधे गणित करून पाहावे. मोठ्या अटॅकमध्ये तोंडाने दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडचा दिवसाचा डोस ४० मिलिग्रॅमपर्यंत असतो. रोजच्या पंपातून दिवसाला साधारण ४०० मायक्रोग्रॅम जाते. म्हणजे वजनाने शंभरावा हिस्सा, तोही थेट छातीत. तसेच सालब्युटामॉलची चार मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे पंपाचे चाळीस दाब. तरी गोळी ‘साधी’ आणि पंप ‘जालीम’ मानला जातो. रोजचा पंप टाळणारा माणूस दर पावसाळ्यात अटॅक येऊन गोळ्या-इंजेक्शनांतून त्याच्या कित्येक पट स्टेरॉइड घेतो. शिवाय नाव-गाव नसलेल्या ‘रामबाण’ पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याची उदाहरणे वारंवार उघडकीस आली आहेत. ज्या भीतीने पंप नाकारला, तीच गोष्ट पुडीतून बेहिशेबी पोटात जाते.

औषध आणून भागत नाही; ते छातीत पोहोचावे लागते. मी रुग्णाला नेहमी सांगतो, पंप माझ्यासमोर घेऊन दाखवा. तेव्हा मजा दिसते. कुणी तो न हलवता मारतो, कुणी श्वास सोडताना दाबतो, कुणी अत्तरासारखा फवारा जिभेवर घेतो. रोटाहेलरची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारेही भेटतात. रीत अवघड नाही. पंप हलवावा, श्वास पूर्ण सोडावा, तोंडात धरून सावकाश खोल श्वास घेताना एकदा दाबावे, मग दहा सेकंद श्वास रोखावा. लहान मुले, वृद्ध आणि ज्यांना हा मेळ साधत नाही त्यांनी मध्ये प्लास्टिकचा स्पेसर लावावा. स्टेरॉइड असलेला पंप घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकावे, म्हणजे तोंड येत नाही आणि घसा बसत नाही. कॅप्सूलवर चालणाऱ्या साधनाची रीत वेगळी, तेथे जोराने ओढावे लागते. ती दाखवून घ्यावी आणि अधूनमधून पुन्हा तपासून घ्यावी.

दमा ताब्यात आहे की नाही, हे ओळखण्याच्या खुणा घरगुती आहेत. रात्री त्रासाने जाग येते का? आठवड्यातून दोनहून अधिक दिवस निळा पंप लागतो का? दोनशे दाबांचा निळा पंप वर्षाला तीन किंवा जास्त संपतात का? यांतले एकही उत्तर ‘हो’ असेल, तर रोजचे औषध कमी पडते आहे किंवा नीट जात नाही. करोनाच्या साथीत, २०२० आणि २०२१ साली, घरोघर ऑक्सिमीटर आले. दमेकरी आता त्यात बोट घालून ‘९७ आहे, काही काळजी नाही’ म्हणतात. ही खोटी खात्री आहे. दम्यात ऑक्सिजन बराच उशिरा उतरतो. त्याआधीच नळ्या आवळलेल्या कळाव्यात म्हणून पीक फ्लो मीटर नावाची साधी फुंकायची नळी असते. वीज नाही, बॅटरी नाही. पण ती फारच थोड्या घरांत दिसते.

आणि अटॅक आलाच तर? रुग्णाला बसते ठेवावे, आडवे करू नये. स्पेसरमधून निळ्या पंपाचे चार दाब, एकेक करून द्यावेत. फरक नसेल तर वीस मिनिटांनी पुन्हा द्यावेत आणि दवाखान्याकडे निघावे. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर होत असतील, गुंगी येत असेल किंवा पंपाचा आराम चार तासही टिकत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये. घरघर थांबली म्हणजे बरे वाटले, असे नेहमी नसते. नळ्या इतक्या मिटल्या की आवाजापुरतीही हवा जात नाही, असाही त्याचा अर्थ असू शकतो.

शहराची जबाबदारी मी विसरलेलो नाही. २०१८ सालीच पुण्यातल्या नोंदलेल्या वाहनांनी ३६ लाखांचा आकडा ओलांडून लोकसंख्येला मागे टाकले. मोकळ्या प्लॉटांवर माजणारे गाजर गवत तर आपल्याच गावची देणगी. भारतात त्याची नोंद १९५० च्या दशकाच्या मध्यास प्रथम झाली ती पुण्यात, आणि त्याचे परागकण नाक व छाती दोन्हींना छळतात. पण दाराबाहेरच्या धुराबद्दल तावातावाने बोलणारे आपण दाराआड काय जाळतो? २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डासांची एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात असे आढळले. आपण ती मुलाच्या उशाशी लावतो आणि खिडक्या बंद करतो. पुण्यातल्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ साली फटाक्यांचा धूर मोजला. सर्वाधिक सूक्ष्म कण सोडणारा फटाका निघाला तो आवाज न करणारी, चिमुकल्या हातांत बिनधास्त दिली जाणारी नागगोळी, त्याखालोखाल माळ. मच्छरदाणी लावणे आणि नागगोळी न आणणे यांसाठी महापालिकेची परवानगी लागत नाही.

मग सार्वजनिक पातळीवर काय करता येईल? त्याचे उत्तर फिनलंडने दिले आहे. लोकसंख्या त्या काळी सुमारे ५२ लाख, म्हणजे आपल्या पुण्या-पिंपरीहून फार निराळी नव्हे. १९९४ ते २००४ अशी दहा वर्षे त्या देशाने दम्याची राष्ट्रीय मोहीम चालवली. कोणतेही नवे चमत्कारी औषध नव्हते. लवकर निदान, पहिल्या दिवसापासून सूज उतरवणारे औषध, आणि गावच्या डॉक्टरपासून परिचारिका व औषधविक्रेत्यापर्यंत सर्वांना एकच भाषा शिकवणे, एवढेच. दमेकऱ्यांनी रुग्णालयात काढलेले दिवस १९९३ साली १ लाख १० हजार होते. २००३ साली ते ५१ हजारांवर आले. दमा तेथून गेला नाही. तो आवरला गेला.

हे पुण्यात अशक्य आहे असे मला वाटत नाही. महापालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात रोजच्या औषधाचा पंप आणि स्पेसर बारमाही असावा. प्रत्येक शाळेत निळा पंप, स्पेसर आणि तो देता येणारा एक शिक्षक असावा. औषधविक्रेत्याने महिन्यात दुसऱ्यांदा निळा पंप मागणाऱ्याला सुटे पैसे देता देता एवढेच विचारावे, ‘आणि रोजचा घेता ना?’ प्राणायाम अवश्य करावा, सकाळी टेकडीवर जावे. पण ही औषधाची सोबत आहे, बदली नव्हे. डोस कमी करायचा, तर दोन-तीन महिने एकही त्रास नसल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्याने, पायरीपायरीने करावा. टेकू सैल करायचा तो भिंत तपासून.

पाऊस येईल, दिवाळी येईल, थंडीही येईल. ज्या घरात दमेकरी आहे त्या घराने आज संध्याकाळी एवढे करावे : रोजचा पंप कपाटातून काढून दात घासायच्या ब्रशाशेजारी ठेवावा, सर्वांना दिसेल असा. पाहुण्यांनाही दिसला, तर दिसू द्यावा.